आपले घर, आपली सोसायटी आणि कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाचा विषय शक्यतो हलकाफुलका असावा, असे चिटणीसबाईंनी मला आधीच सुचवले होते. तरीही मी कायद्याचा रुक्ष विषय घेऊन उभी आहे, ह्याचे कारण एवढेच की, आपल्यापैकी बहुतेकींच्या संसारातली सर्वांत मोठी मिळकत म्हणजे राहते घर. आणि नेमक्या त्याच मिळकतीचे कागद आपण पाहिलेले नसतात. डब्यात तांदूळ किती उरला हे आपल्याला डोळे मिटून सांगता येते. शेअर सर्टिफिकेटावर नाव कुणाचे, हे विचारले की मात्र उत्तर येते, "ते ह्यांना ठाऊक!" ह्यांना ठाऊक असते तोवर ठीक, पण ज्या दिवशी कागदाची खरी गरज पडते त्या दिवशी 'हे' सांगायला असतीलच असे नाही. बोलणे अशुभ वाटेल, पण कायद्याचे अर्धेअधिक काम अशुभ प्रसंगांशीच असते.

सोसायटी ही आपल्याकडे काही कालपरवाची गोष्ट नव्हे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण सोसायटी १९१५ साली उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांनी त्या कामी पुष्कळ खटपट केली. भाडेकरूंनी एकत्र येऊन आपणच आपले घरमालक व्हायचे, ही त्यामागची साधी कल्पना. पुढे १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा झाला, बिल्डर लोक फ्लॅट बांधून विकू लागले तेव्हा ग्राहकांच्या रक्षणासाठी १९६३ साली मालकी फ्लॅटचा कायदा झाला, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात, आणि १९७० साली अपार्टमेंटचा वेगळा कायदा झाला. २०१६ सालचा 'रेरा' तर आपल्या मुलांनाही माहीत असतो. इतके कायदे असूनही सोसायटीच्या सभेत भांडण होते ते बहुधा गाडी कुठे लावायची ह्यावर!

आधी एक फरक नीट समजून घेऊ. सोसायटी असेल तर इमारत आणि जमीन ह्यांची मालकी सोसायटीची असते, निदान असायला हवी. आपण सभासद म्हणून तिचे शेअर धारण करतो आणि त्या नात्याने फ्लॅटवर आपला हक्क असतो. अपार्टमेंट, म्हणजे ज्याला 'कॉन्डोमिनियम' म्हणतात, तिथे प्रत्येकाच्या नावे फ्लॅटचे स्वतंत्र खरेदीखत, अर्थात 'डीड ऑफ अपार्टमेंट' होते आणि जमीन, जिने, गच्ची ह्यांत ठरावीक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा मिळतो. पुण्याकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांपैकी पुष्कळजण अपार्टमेंटमध्ये राहतात आणि तिलाही सोसायटीच म्हणतात. बोलण्यात चालते, कागदात चालत नाही. सोसायटीत चौकीदार, जिन्यातले दिवे, कचेरीचा खर्च असा सेवाखर्च सर्व फ्लॅटना सारखाच पडतो; अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च हिश्श्याच्या टक्केवारीने वाटायचा असतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. "आमच्या भावजयीकडे असे नाही हो" म्हणून वाद घालण्यापूर्वी भावजयीची इमारत कोणत्या कायद्याखाली आहे, एवढे विचारून घ्यावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशन. ह्या एका शब्दाने जितक्या बायकांचा घात केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाने केला असेल. फ्लॅट यजमानांच्या एकट्याच्या नावावर, त्यांनी फॉर्म भरून पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून दिले, पत्नी निर्धास्त. तिची समजूत अशी की, त्यांच्यामागे घर माझे. ही समजूत चुकीची आहे. नॉमिनी म्हणजे सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा हे सांगणारे नाव. मालकी कुणाची, हे वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले होते की, नॉमिनी पैसे स्वीकारतो तो वारसांच्या वतीने. २०१६ साली बंगालमधल्या एका सोसायटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की, सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर केलेच पाहिजेत, पण मालकीचा वाद वारसांनी योग्य न्यायालयात न्यायला मोकळीक आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात २०१९ साली सहकारी कायद्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले, त्यात तर शब्दच असा वापरला आहे की शंका उरू नये. नॉमिनी हा 'तात्पुरता सभासद'. खरे वारस ठरून त्यांची नावे लागेपर्यंतचा.

हिशेब मांडून दाखवते, कारण आकड्यांनी गोष्ट लवकर पटते. समजा, एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, म्हातारी आई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाचही जण सारख्या हक्काचे वारस. म्हणजे ज्या घरात ती बाई चाळीस वर्षे राहिली त्या घरात तिचा हिस्सा एक पंचमांश! नॉमिनी म्हणून तिचे नाव सोसायटीच्या रजिस्टरात लागेल, मेन्टेनन्सची पावती तिच्या नावाने निघेल, सभेत मतही देता येईल. पण फ्लॅट विकायचा किंवा बँकेकडे गहाण ठेवायचा म्हटले तर उरलेल्या चौघांच्या सह्या लागतील. मुले गुणी असली तर चौघेही हक्कसोडपत्र नोंदवून आईच्या नावे घर करून देतात, आणि अशी गुणी मुले पुष्कळ असतात हेही सांगितले पाहिजे. पण एखाद्या सुनेच्या माहेरून कुणी काही सुचवले, एखाद्या मुलाचा धंदा बुडाला, की गुणांची परीक्षा होते.

आता तेच घर मुळात पतीपत्नी दोघांच्या नावे समसमान घेतलेले असते तर? अर्धे तिचे स्वतःचेच. उरलेल्या अर्ध्याचे पाच भाग. त्यातला एक तिचा. अर्धा आणि एक दशांश मिळून दहापैकी सहा हिस्से. एक पंचमांश कुठे आणि सहा दशांश कुठे! फरक पडला तो फक्त करारनाम्यावर दुसरे नाव लिहिण्याने. स्त्रियांच्या नावाने घर घ्यावे म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२१ साली मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलतही जाहीर केली. ती सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील तर मिळते, नवराबायको मिळून घेतले तर नाही, हे सवलतीच्या आशेने जाणाऱ्या मुलीसुनांना आधीच सांगून ठेवावे.

मृत्युपत्राचे नाव काढले की आपल्याकडे माणसे तोंड फिरवतात. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी केली तर उत्तम पण सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या देखत सही करून ते होते. साक्षीदारांनीही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सह्या केल्या पाहिजेत. ज्याला घर मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. हे मी हिंदू कुटुंबांपुरते सांगते आहे; आपल्या मंडळात ख्रिस्ती आणि मुसलमान भगिनीही आहेत, त्यांचा वारसाहक्क निराळ्या नियमांनी चालतो, त्यांनी आपापल्या जाणकाराला विचारून घ्यावे.

म्हणजे नॉमिनेशन करूच नये का? छे! अवश्य करावे. ते नसेल तर सोसायटीला जाहीर सूचना द्यावी लागते, वर्तमानपत्रात छापावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, आणि दुःखाच्या दिवसांत त्या बाईला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. फॉर्म तीन प्रतींत भरायचा, दोन साक्षीदार, पहिल्या वेळी फी नाही. कमिटीने ते मंजूर करून रजिस्टरात नोंदले पाहिजे आणि एक प्रत आपल्याला परत दिली पाहिजे. ती परत मिळाली आहे का, हे आज घरी गेल्यावर पाहा. फॉर्म दिला आणि चिटणिसांच्या टेबलाच्या खणात राहिला, असे प्रकार फार होतात.

मुलीच्या हिश्श्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. हक्कसोडपत्रावर सही करायला मुलीला माहेरी बोलावतात, जेवू घालतात, साडीचोळी करतात आणि कागद पुढे सरकवतात. ती राजीखुशीने सही करीत असेल तर कुणाची काही तक्रार नाही. पण कागद वाचू न देता, "तुला काय करायचंय ते, भाऊ आहे ना" म्हणून सही घेणे ह्याला प्रेम म्हणता येत नाही. आज ह्या सभागृहात बसलेल्या आपण कुणाच्या आई आहोत, कुणाच्या बहीण आणि कुणाच्या नणंदही. तिन्ही खुर्च्यांवर बसून पाहावे.

सभेतल्या मताविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने 'संयुक्त सभासद' आणि 'सहयोगी सभासद' असे दोन निराळे प्रकार स्पष्ट केले. संयुक्त सभासदाचा फ्लॅटमध्ये खरोखर हिस्सा असतो, फक्त शेअर सर्टिफिकेटावर त्याचे नाव पहिले नसते. सहयोगी सभासद हा सभासदाचा जवळचा नातेवाईक, पत्नी, मुलगा, सून, भाऊ वगैरे. मूळ सभासदाच्या लेखी संमतीने तो सभेला बसू शकतो, मत देऊ शकतो, पण त्यावरून घरात त्याची मालकी उत्पन्न होत नाही. एका फ्लॅटला मत एकच. पहिले नाव असलेला हजर असेल तर त्याचे, तो नसेल तर दुसऱ्याचे. म्हणून ज्यांचे नाव दुसरे आहे त्यांनी "मला मतच नाही" म्हणून घरी बसू नये. यजमान फिरतीवर असताना ते मत तुमचे आहे.

आणि कमिटीवर स्त्रियांसाठी दोन जागा राखलेल्या असतात. त्या बहुतेक ठिकाणी भरल्या जातात खऱ्या, पण त्या दोघींची सही रजिस्टरावर घरपोच घेतली जाते आणि मिटिंगला त्यांचे यजमान जातात. सहीला किंमत आहे, भगिनींनो. ज्या ठरावाखाली ती आहे त्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते. मिटिंगचा चहा कुणीही करील. हिशेबाची वही आपण पाहावी. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या बाईला ताळेबंद कळत नाही, ह्यावर माझा मुळीच विश्वास नाही.

आता सोसायटीच्या डोक्यावर टांगलेली तलवार. तिचे नाव कन्व्हेअन्स. बिल्डरने इमारत बांधली, फ्लॅट विकले, सोसायटी नोंदवली, पण जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून दिलीच नाही. मोफा कायद्याने त्याच्यावर ही जबाबदारी टाकलेली आहे. नियमाप्रमाणे, करारात दुसरी मुदत ठरली नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत हे व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात तीस-तीस वर्षे होत नाही. आपण घर आपले म्हणून भिंतींना रंग देतो, तुळस लावतो, आणि सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव असते बिल्डरचे किंवा त्याच्याही आधीच्या जमीनमालकाचे. त्याचा परिणाम काय? वाढीव चटईक्षेत्र मिळाले तर त्यावर तो हक्क सांगतो. मोकळ्या कोपऱ्यात आणखी एक मजला, आणखी एक दुकान उभे करायला बघतो. इमारत जुनी होऊन पाडायची वेळ आली की त्याच्या सहीवाचून पान हलत नाही. आणि तोवर तो वारलेला असतो व वारसांची आपसांत कोर्टकचेरी चालू असते.

ह्यावर २००८ साली मोफात दुरुस्ती करून उपाय काढला गेला, त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. शब्द जिभेला वळायला कठीण आहे खरा. सोसायटीत त्याला 'डीम्ड कन्व्हेअन्स' म्हणतात. बिल्डर सही करीत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. तो दोन्ही बाजू ऐकून, कागद तपासून, सहा महिन्यांच्या आत निर्णय देतो. आणि पटले तर बिल्डरच्या सहीशिवाय जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करण्याचा दाखला देतो. मग दस्त नोंदवायचा आणि प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव लावून घ्यायचे. हे शेवटचे पाऊल टाकायचे राहते हो! दस्त कपाटात पडतो आणि सरकारदप्तरी जुनेच नाव राहते.

ह्या अर्जाला सभासदांचे नोंदणीकृत करारनामे आणि मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा लागतो, आणि इथेच घोडे अडते. कुणाचा करार वाळवीने खाल्लेला, कुणाचा बँकेत, कुणाचा माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या पत्रिकांखाली. ट्रंक कुठली हे पुरुषांना माहीत नसते, ते आपल्यालाच माहीत असते. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत भांडी घासण्याआधी ट्रंक उघडावी. करार सापडला नाही तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून प्रमाणित नक्कल मिळते.

किरकोळ बाबी थोडक्यात उरकते. गळतीचे म्हणाल तर, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळ ह्यांतून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्यांच्या न्हाणीघरातून किंवा मोरीतून येत असेल तर वरच्यांची. फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी जादा आकार घेऊ शकते, पण तो सेवाखर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक नाही. सरकारने ही मर्यादा २००१ सालीच घातली. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, त्याचे नाव फळ्यावर लावून मानखंडना करणे, हा कायद्याचा मार्ग नव्हे. निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो. पार्किंगबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की, मोफाखालच्या इमारतीत खांबांमधली जागा ही सर्वांची सामाईक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. रेराखालच्या नव्या इमारतींत बंदिस्त पार्किंग करारात नोंदून विकता येते. उघडी जागा मात्र तिथेही विकता येत नाही. नव्या घराबद्दल एक गोष्ट आपल्या लेकीसुनांना जरूर सांगा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून दिला पाहिजे.

राहता राहिला पुनर्विकास. हा शब्द आजकाल प्रत्येक जिन्यात ऐकू येतो. सरकारच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोनतृतीयांश सभासद हजर लागतात, आणि होकार लागतो एकूण सभासदांच्या एक्कावन्न टक्क्यांचा. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकाचा अधिकारी हजर असतो आणि सभेचे चित्रीकरण करतात. विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी घ्यायची असते. पूर्वी, २००९ च्या निर्देशांत, होकार तीनचतुर्थांशांचा लागे. आता जवळजवळ निम्मे विरुद्ध असले तरी काम पुढे जाते. म्हणून सभेला न जाणे पूर्वीपेक्षा आता फार महाग पडेल. विकासकाची माणसे दुपारी घरी येतात, पुरुष कचेरीत असताना. पेढे आणतात, नव्या स्वयंपाकघराचे रंगीत चित्र दाखवतात आणि 'फक्त संमतीपत्र' म्हणून सही मागतात. पेढा खावा, सही करू नये. आधी विचारावे, कार्पेट क्षेत्रफळ किती मिळणार आणि ते करारात आकड्याने लिहिणार का. भाडे किती महिने आणि आगाऊ की महिन्याच्या महिन्याला. काम रखडले तर पुढचे भाडे कोण देणार. बँक गॅरंटी कोणत्या बँकेची. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय घराची किल्ली देऊ नये. आणि जिथे वृद्ध बाई एकटी राहते तिथे शेजारणीने त्या वेळी जाऊन बसावे. एवढा शेजारधर्म आपल्या मंडळाने सहज पाळता येण्यासारखा आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी चिटणीसबाईंनी दोनदा पाठवली आहे, तेव्हा थांबते. नामनिर्देशनाच्या कोऱ्या फॉर्मच्या काही प्रती मी बरोबर आणल्या आहेत, त्या दारापाशी ठेवल्या आहेत. ज्यांना आपले शेअर सर्टिफिकेट आणि करारनामा कुणाकडून तरी वाचून घ्यायचा असेल त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत यावे. मूळ कागद आणू नयेत, झेरॉक्स आणावी. आणि चष्मा आणायला विसरू नये.